ठकूमावशीची इर्जिक

कार्तिक लागला की लोणावळ्याच्या हवेत दोन वास भांडायला लागतात. एक चिक्कीच्या कढईतल्या गुळाचा, तो बारमाही. दुसरा कुरवंड्याच्या बाजूने येणारा, पिकलेल्या इंद्रायणी भाताचा. सकाळी माझ्या शिवणकामाच्या दुकानाचं शटर वर करताना वारा तिकडून असेल, तर हा दुसरा वास नाकात शिरतो आणि माझं डोकं फिरतं. लोकांची मनं या वासाने प्रसन्न होतात. पुण्या-मुंबईचे पाहुणे गाडीच्या काचा खाली करून 'वा' म्हणतात. मी मात्र पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधीच कोणावर तरी खेकसलेली असते.

यंदा तो वास आला त्याच दिवशी विमलताईंचा फोन आला. विमलताई म्हणजे आमच्या चर्चच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा. आवाज गोड, इतका की ऐकल्यावर पाणी प्यावंसं वाटतं. "सुमन, हंगामाचा सण जवळ आला गं. लोंब्यांचं तेवढं बघशील ना? तुझ्या त्या कुरवंड्याच्या मावशींकडच्या फार छान असतात." मी म्हटलं, "बाजारात प्लास्टिकच्या मिळतात, त्या आणा. धुऊन दर वर्षी वापरता येतील." मग त्या म्हणाल्या, "अजून तेच धरून बसलीस का तू?"

हो, बसलेय. सगळ्यांनीच सोडून दिल्यावर कोणीतरी धरून बसायला हवं.

हंगामाचा सण आम्हां मराठी ख्रिस्ती लोकांत मोठा. आमची मूळची माणसं नगरकडची, शेतं कसणारी. पहिलं पीक देवापुढे ठेवायचं आणि मग घरात न्यायचं, अशी रीत. ज्वारीची कणसं, शेंगा, भोपळे, कोंबड्या, अंडी घेऊन लोक चर्चला यायचे. उपासना झाली की आवारात त्याच वस्तूंचा लिलाव व्हायचा आणि ते दान मंडळीच्या कामी लागायचं. पुढे रेल्वेने आणि कारखान्यांनी आमच्या बापजाद्यांना लोणावळ्यात आणून ठेवलं. शेतं गेली, सण राहिला. आता आम्ही शनिवारी बाजारातून भोपळा विकत आणतो, रविवारी तो 'आमच्या कष्टाचं पहिलं फळ' म्हणून वेदीपुढे ठेवतो आणि दुपारी तोच भोपळा चढाओढीने बोली लावून एकमेकांकडून परत विकत घेतो. याची मला लहानपणापासून गंमत वाटत आली आहे. वडिलांनी लिलावात घेतलेला ऊस रस्ताभर चघळत मी घरी आलेली आहे. त्या गमतीचा मला राग नाही. राग आहे तो वेदीच्या दोन्ही बाजूंना बांधलेल्या भाताच्या लोंब्यांचा. सबंध चर्चमध्ये खऱ्या शेतातून आलेलं तेवढंच असतं, आणि ते शेत आमच्यापैकी कोणाचंच नसतं.

ते असतं ठकूमावशीचं. कुरवंड्याच्या पुढे, नागफणीचा सुळका जिथून अगदी अंगावर आल्यासारखा दिसतो, तिथल्या एका ठाकरवाडीत तिचं घर. घराच्या खाली उतारावर तिची भातखाचरं. बाजारच्या दिवशी ती टोपली घेऊन माझ्या दुकानाच्या पायरीवर बसते. पावसाळ्यात टाकळा-कुर्डू, उन्हाळ्यात करवंदं, एरवी तांदूळ. पायरीच्या बदल्यात मला भाजी फुकट देते आणि मी तिच्या चोळ्या फुकट शिवते. दोघींनाही वाटतं की आपणच फायद्यात आहोत. माझ्या गळ्यातला क्रूस बघून एकदा तिने विचारलं होतं, "तुमच्या देवाला नैवेद काय लागतो?" मी म्हटलं, "काहीच नाही." तिला ते पटलं नाही. "असं कसं? येवढा मोठा देव आन् त्याला काय बी नगं?" त्या वर्षापासून हंगामाच्या सणाला लोंब्यांची पेंढी तिच्याकडून यायला लागली. पैसे कधी घेतले नाहीत. तुमच्या देवाला माझ्याकडून, एवढंच म्हणायची.

माझी आई अंगठेबहाद्दर होती. चर्चमध्ये बसून तिला डुलकी लागायची, गाण्यांचे शब्द ती अर्धे खायची, आणि पाळकसाहेब घरी आले की त्यांच्यापुढे तिच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. पण चाळीत कोणाच्या घरी दुखणं आलं, कोणाचा मुलगा पकडला गेला, कोणाच्या घरात चूल पेटली नाही असं कानावर आलं, की ती म्हणायची, "प्रार्थना करते हं मी." आणि हे म्हणायची ती चपला पायात घालता घालता. मला बरीच वर्षं वाटायचं की प्रार्थना ही गोष्ट दुसऱ्याच्या घरी जाऊन, पदर खोचून, भांडी घासत करायची असते. मोठेपणी कळलं की ती खुर्चीत बसूनही करता येते. तेव्हापासून माझं आणि माझ्या मंडळीचं फारसं पटत नाही.

नाही म्हणायला आम्ही सत्कर्मं करतो. डिसेंबरात ब्लँकेटं वाटतो. वाटताना ब्लँकेटाचं एक टोक आमच्या हातात असतं, दुसरं घेणाऱ्याच्या, आणि फोटो निघेपर्यंत आमचं टोक काही सुटत नाही. एकदा एक म्हातारी वैतागून म्हणाली, "सोड की आता, थंडी वाजती." सगळे हसले. मी पण हसले असते, पण तिचे पाय अनवाणी होते आणि खाली नुसता दगड होता.

मी जे अजून धरून बसलेय ते घडलं, त्या वर्षी भात असं काही आलं होतं की बघत राहावं. गणपतीनंतर पावसाने बेताने उघडीप दिली, दाणा भरला, खाचरं पिवळी झाली. आणि नवरात्राच्या गर्दीत, नागफणीकडे सुसाट निघालेल्या एका गाडीने वळणावर ठकूमावशीच्या नवऱ्याला, कोंडीभाऊंना, उडवलं. गाडी थांबली नाही. ती सुट्टीवर आली होती, तिला कशाला वेळ असणार! भाऊंचा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये गेला. मुलगा वराळ्याच्या बाजूला एका कंपनीत कंत्राटावर. रजा मागितली की दुसऱ्या दिवसापासून येऊच नको, अशी तिथली रीत. वाडीतल्या प्रत्येकाचं भात त्याच वेळी पिकलेलं, जो तो आपापल्या कापणीत. आणि परतीचा पाऊस तर हल्ली परत जायचं नावच घेत नाही. कधी दिवाळीत गाठतो, कधी दिवाळीनंतर. खाचरातल्या भातावरच त्या घराचं वर्षभराचं जेवण अवलंबून होतं.

एका बाजाराला ठकूमावशी टोपलीशिवाय आली. पायरीवर न बसता आत आली आणि उभ्या उभ्या म्हणाली, "सुमन, तुमच्या देवळात लय मानसं असत्यात ना गं?"

"असतात की. का?"

"येक दिस इर्जिकीला येतील का? कापाया?"

इर्जिक म्हणजे आमच्या मावळातली जुनी चाल. एकट्याच्या आवाक्याबाहेरचं काम निघालं की तो गावाला हाक देतो, माणसं येऊन दिवसभर राबतात, मजुरी घेत नाहीत, आणि ज्याचं काम तो सगळ्यांना पोटभर जेवू घालतो. पुढे त्यांच्या हाकेला त्याने जायचं. कोणी कोणावर उपकार केले असं त्यात नसतं. मावशीने दान मागितलं नव्हतं. आपल्या माणसांना घालतात तशी आम्हांला हाक घातली होती. हे मी पुढे चर्चमध्ये किती वेळा सांगितलं, पण ते कोणाच्या कानात शिरलं असेल असं वाटत नाही.

पुढच्या रविवारी उपासना संपून निवेदनं सुरू झाली तेव्हा मी उभी राहिले. म्हटलं, "कुरवंड्याला ठकूमावशींचं भात उभं आहे. नवरा प्लास्टरमध्ये आहे. दर वर्षी आपल्या वेदीला लोंब्या देणाऱ्या त्याच. एक दिवस आपण सगळे गेलो तर दुपारपर्यंत आटपेल. विळे तिकडे मिळतील, जेवण त्या घालतील." मागच्या बाकावर कोणीतरी खुदकन हसलं. पाळकसाहेब म्हणाले, फार सुंदर विचार आहे, कमिटीपुढे ठेवू. कमिटी तिथेच अंगणात चहाचे कप हातात घेऊन बसली. आढावसाहेब, आमचे खजिनदार आणि लिलावाचे नेहमीचे पुकारे, मला बाजूला घेऊन समजावू लागले. बँकेतून निवृत्त झालेला माणूस, समजावण्याची सवय आहे.

"सुमनताई, दिवस कसे आहेत बघताय ना? आपण एवढे लोक वाडीवर गेलो, कोणी मोबाइलवर चित्रीकरण केलं, म्हणाले हे धर्म बदलायला आले, मग निस्तरायचं कोणी?"

भीती खोटी नव्हती. मी इथेच राहते, बातम्या मीही वाचते, आणि माझ्या गळ्यातल्या क्रुसाकडे बघून बोलता बोलता गप्प झालेली माणसंही मी पाहिली आहेत. पण भीती खरी आहे म्हणून ती उशीसारखी डोक्याखाली घेऊन झोपायचं का? मी विचारलं, "साहेब, लोंब्या आणायला आपण दर वर्षी त्याच वाडीवर जातो. तेव्हा कोणी चित्रीकरण करत नाही? घ्यायला जाताना भीती नसते आणि द्यायला जातानाच कशी येते?" त्यांनी घड्याळ पाहिलं. मग विमलताई मध्ये पडल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आपण हे प्रार्थनेत ठेवू."

प्रार्थनेत ठेवणे! आमच्याकडे ही एक फार सोयीची जागा आहे. घरात जसा माळा असतो, नको असलेली पण टाकवत नाही अशी वस्तू ठेवायला, तशी. पांघरुणं, कुकरच्या जुन्या शिट्ट्या आणि शेजाऱ्याचं दुःख. एकदा तिथे ठेवलं की घर कसं मोकळं होतं.

मी मावशीला निरोप दिला की कमिटी विचार करतेय. ती म्हणाली, "करू दे, करू दे. येवढी मानसं आनायची म्हंजी इचार लागतोच."

सणाआधीच्या गुरुवारी महिला मंडळ लोंब्या आणायला निघालं. विमलताईंची मोठी गाडी, सोबत त्यांची नवी सून कृपा, मंडळातल्या दोघीतिघी आणि रस्ता दाखवायला मी. ठकूमावशी वरच्या खाचरात एकटीच कापत होती. डोक्याला फडकं, कंबरेला खोचलेलं लुगडं, मागे कापलेल्या भाताच्या जुड्यांची एक बारीकशी रांग आणि पुढे सगळं शेत उभं. आम्हांला बघून ती काम टाकून आली. खाचराकाठच्या खोपट्यात, मांगरात, लोटा ठेवला होता त्यातून पाणी दिलं. मग खाचरात शिरून तिने निवडून निवडून लोंब्या कापल्या, भरलेल्या, लांब, एकसारख्या. एका माणसाची सकाळ त्यात गेली. आमच्या बाया बांधावर उभं राहून फोटो काढत होत्या. मागे नागफणी यायला हवी म्हणून एकीने दुसरीला जरा आणखी मागे, जरा आणखी मागे, असं करत थेट उभ्या भातात नेलं.

पेंढी गाडीत ठेवल्यावर विमलताईंना उमाळा आला. त्या खोटं वागतात असं मी म्हणणार नाही. त्या वेळी त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. त्यांनी मावशीचे चिखलाचे हात हातात घेतले, डोळे मिटले. आम्ही गोल उभ्या राहिलो. "हे प्रभू," त्या म्हणाल्या, "ह्या बहिणीकडे बघ. तिचा धनी अंथरुणावर आहे. येत्या रविवारी आम्ही सगळे तुझ्या चरणांशी जमणार आहोत. आम्हांला हिचे हात कर, प्रभू. हिचं पीक घरात येईपर्यंत आम्हांला विसावा देऊ नकोस." वारा पडला होता, भात सळसळत नव्हतं, शब्द कसे स्वच्छ ऐकू येत होते. सगळ्या म्हणाल्या, आमेन. मीही म्हटलं, तोंडाला सवय असते.

मावशीने विचारलं, "आमेन मंजी काय, बाई?"

"म्हणजे तसंच होवो, मावशी," विमलताई डोळे पुसत म्हणाल्या.

"बरं. मंग रईवारी तर."

"हो, रविवारी सण!" त्या गाडीत बसत म्हणाल्या. कृपाने एकदा मागे वळून शेताकडे बघितलं. बाकी परतीच्या वाटेवर बोलणं झालं ते पडद्यांच्या रंगावर.

रविवारी वेदी दृष्ट लागण्यासारखी सजली होती. दोन्ही बाजूंना मावशीच्या लोंब्या, त्यांना सॅटिनच्या लाल फिती. पाळकसाहेबांनी पेरणी आणि कापणीवर छान उपदेश केला. बाहेर मात्र हवा कुंद झाली होती. कार्तिकात असा उकाडा नसतो. आभाळ घाटाच्या बाजूने राखाडी व्हायला लागलं होतं, आणि मी खिडकीतून तेवढंच बघत होते. उपदेशातला एक शब्द मला आज सांगता येणार नाही.

मग लिलाव. आढावसाहेब टेबलामागे उभे राहिले की वेगळेच होतात, मिश्किल, टाळ्या घेणारे. भोपळा गेला, केळीचा घड गेला, कोणाच्या तरी मावशीने केलेला केक गेला. शेवटी, मान म्हणून, लोंब्यांची पेंढी. "मंडळी, खास कुरवंड्याची इंद्रायणी! घरात लावा, वर्षभर बरकत! बोला!" बोली चढायला लागली. हसणं, चिडवणं, एका घराने दुसऱ्यावर कुरघोडी करणं. मी हात वर केला.

"बोला, सुमनताई!"

"माझे दोन हात," मी म्हटलं. "आजचा दिवस. मावशीच्या शेतात."

लोकांना वाटलं विनोद आहे. आढावसाहेबही हसले. "ताई, हात चालत नाहीत, रुपयांत बोला."

"हात का चालत नाहीत?" मी विचारलं, आणि माझा आवाज चढला तो चढलाच. "गुरुवारी तिच्या बांधावर उभं राहून देवाकडे हातच मागितलेत ना? त्याने दिलेत. हे बघा, सगळ्यांना दोन दोन दिलेत. ही पेंढी कापायला तिची सकाळ गेली, ती तुम्ही विकताय. बाहेर आभाळ बघा. तिचं भात उभं आहे, आणि तुम्ही भोपळे विकत घेताय एकमेकांचे!"

पाळकसाहेब खाली बघत होते. विमलताईंचं तोंड कसनुसं झालं. मग शांतवनकाका उठले. चर्चची घंटा वाजवणारा म्हातारा, रेल्वेतून निवृत्त, दोन्ही गुडघे गेलेले, आणि जन्मात कोणाशी सरळ बोललेला नाही. "बसून बसून कंबर मोडली," ते म्हणाले. "माझे पण दोन घ्या. गुडघे मागू नका." कोणी हसलं नाही. आणि तिसरी कृपा. सासूच्या शेजारची खुर्ची सरकवून ती उभी राहिली. पैठणी नेसलेली, गळ्यात लग्नातलं सगळं. "मला कापता येतं," एवढंच म्हणाली. विमलताईंनी तिचा पदर धरला होता, तो तिने सोडवून घेतला.

बाकीचे बसून राहिले. मी त्या बाकांकडे बघितलं. धडधाकट माणसं होती. सकाळी व्यायामाला तुंगार्लीच्या धरणापर्यंत चालत जाणारी. आम्ही तिघं दारातून बाहेर पडलो तेव्हा आढावसाहेबांचा घसा खाकरल्याचा आवाज आला आणि मागून, जरा हळू, पण बोली पुन्हा सुरू झाली.

रिक्षाने वाडीखाली उतरलो. चढून वर आलो आणि मी जागच्या जागी थिजले. मांगरापुढचं अंगण सारवलेलं. तीन दगडांवर मोठं पातेलं, वालाच्या आमटीने काठोकाठ भरलेलं. सुपात तांदळाच्या भाकऱ्यांची चवड, वर ओलं फडकं. पळसाच्या पत्रावळी रचून ठेवलेल्या. आणि बांधाच्या कडेने, एकाशेजारी एक, विळे मांडलेले. धार लावलेले, मुठी आमच्या बाजूला, येणाऱ्याने नुसता उचलावा म्हणून. वाडीतल्या घराघरांतून मागून आणलेले.

ठकूमावशी आमच्या मागे वाटेकडे बघत होती. "बाकीची मागून येत्यात व्हय?"

शांतवनकाकांनी तोंड फिरवलं. खाटेवर पाय लांब करून पडलेले कोंडीभाऊ म्हणाले, "आरं, वाडीतली पोरं आज येतो म्हनत हुती. हिनंच नगं म्हनलं. म्हनली, माझ्याकडं लोनावळ्याची मानसं येनार हायती, तुमी दुसऱ्याचं बगा. ती गेली मंग पल्याडच्या शेतावं."

"कोणी सांगितलं मावशी, येणार म्हणून?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मलाच काही कळत नाही. "अगं, तुझ्याम्होरंच तर बोलली ती बाई. देवाला सांगितलं न्हाई का, रईवारी जमतो, हिचे हात व्हतो, पीक घरात येस्तवर बसत न्हाई म्हून? देवापुढं बोलल्यावं आनि काय सांगाया लागतं?"

आमच्या चर्चमध्ये माझ्या जन्मापासून रोज प्रार्थना चालल्या आहेत. त्यातली एक, फक्त एक, कोणीतरी शब्दशः खरी मानली, आणि ती आमच्यातली नव्हती. आमची प्रार्थना झाली नसती तर त्या दिवशी वाडीतली पोरं तिच्या शेतात असती. आम्ही मदतीला गेलो नाही, एवढंच झालं नाही. आम्ही तिची मदत अडवून ठेवली.

आम्ही कापायला लागलो. कृपाने पैठणी गुडघ्यापर्यंत खोचली, बांगड्या वर सरकवल्या. तिचा हात खरंच चालायचा. ती बाजरी-ज्वारीच्या मुलखातली, भाताचा अंदाज यायला तिला थोडा वेळ लागला, मग मावशीच्या बरोबरीने सरकू लागली. शांतवनकाका बसून बसून, सगळ्या जगाला शिव्या घालत, जुड्या बांधत होते. मला अंगठ्याला विळा लागला. आभाळ काळवंडत गेलं. अंधार पडायच्या आधी निम्मं शेत झालं, भारे मांगरात गेले. निम्मं उभं राहिलं.

सोमवारी सकाळी पाऊस आला आणि दोन दिवस हटला नाही. उभं होतं ते आडवं झालं, पाण्यात बसलं, लोंब्यांना तिथल्या तिथे मोड आले. त्याच आठवड्यात मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो फिरला. कृपा, पैठणीत, हातात भाताची जुडी, मागे नागफणी. कोणी काढला होता? काकांनी, मोबाइल नवीन होता म्हणून, आणि घरच्यांना पाठवला होता. खाली लिहिलं होतं, 'आपल्या मंडळीची सेवा. प्रभूची स्तुती असो.' हात जोडलेल्या चित्रांची नुसती रांग लागली. मी खाली लिहिलं, 'बाकीचे कुठे होते?' मला ग्रुपमधून काढण्यात आलं. अजून घेतलेलं नाही, आणि त्याने माझं काही अडलेलंही नाही.

मी चर्चला जाणं सोडलं नाही. लोक विचारतात, एवढा राग आहे तर येतेस कशाला? मी म्हणते, देव काय त्यांच्या एकट्यांचा आहे का? माझ्या आईचाही होता. मी जाते, मागच्या बाकावर बसते, आणि कोणी 'प्रार्थनेत ठेवू' म्हटलं की मोठ्याने विचारते, "किती वाजता निघायचं?" दोघंतिघं हल्ली खरंच निघतात. एवढ्याने माझा राग शमावा असं काहींना वाटतं. तो शमत नाही, कारण त्या रविवारची संध्याकाळ त्यांनी पाहिलेली नाही.

कापणी थांबली तेव्हा काका आणि कृपा पुढे गेले, मी मावशीजवळ मागे राहिले. दुसऱ्या दिवशी ज्याला त्याला आपापला विळा लागणार, म्हणून ते त्याच संध्याकाळी परत करायचे होते. पाटीत विळे भरले. दोन वापरलेले, बाकीचे जसेच्या तसे. मावशीने सगळेच विळे लोट्यातल्या पाण्याने धुतले. मला वाटलं, सवय असेल. पाटी मी घेतली आणि आम्ही घरोघर निघालो.

पहिल्याच दारात एक बाई म्हणाली, "झालं का गं? आलती का तुजी मानसं?"

"आलती की," ठकूमावशी म्हणाली. "लय आलती. ही बग, ही त्यातलीच."

बाईने माझ्याकडे बघितलं, मग हातातल्या विळ्याकडे, त्याच्या धारेवरून अंगठा फिरवला. "ह्याला तर काय झालंच न्हाई."

"धुऊन आनलाय."

पुढच्या दारात तेच. त्याच्या पुढच्या दारातही तेच. लय मानसं आलती, जेवली, पोटभर जेवली, लय गुनाची. माझ्या डोक्यावरची पाटी हलकी होत गेली आणि मान वर होईना. शेवटचं घर एका म्हाताऱ्या आबांचं, वाडीच्या टोकाला. ते अंगणात बसले होते आणि त्यांच्या अंगणातून मावशीचं सगळं शेत समोर दिसत होतं, निम्मं कापलेलं, निम्मं उभं. तिथून मोजून सांगता आलं असतं की दिवसभर किती माणसं होती.

"मानसं आलती का?" त्यांनी विचारलं.

"आलती, आबा," ती म्हणाली. "देवापुढं बोललेली मानसं. न्हाई कशी येतील?"

आबांनी शेताकडे पाहिलं नाही. विळा घेतला आणि म्हणाले, "व्हय, व्हय. मी हितूनच बगत हुतो. लय हुती."